भरले नऊ

नववं बूच पुढे सरकवून गाथोनी क्षणभर थांबली. मग उरलेल्या एका बुचावर तिनं बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश, खणखणीत आवाजात म्हणाली, "भरले नऊ." एवढं बोलून तिनं हात मांडीवर घेतले. तिच्या लेखी काम संपलं होतं.

सोड्याच्या बाटल्यांची दहा बुचं मोजायची, एवढीच परीक्षा होती. ज्याला जमेल तो जानेवारीत पहिलीत जाणार, ज्याला जमणार नाही तो आणखी एक वर्ष माझ्या बालवर्गात बसणार. सरकारी नियमात अशी परीक्षा बसत नाही, पण आमच्या शाळेत ती चालते, आणि ती चालवते मी. एकोणतीस वर्षं चालवतेय.

मागच्या बाकावर अपोंडी बसली होती. विद्यापीठातून आलेली, काटकुळी, मोठ्या चष्म्याची पोरगी. मांडीवर वही आणि समोर आवाज टिपायचं बोटभर यंत्र. तिच्या अभ्यासाचा विषय लांबलचक होता: लहान मुलांच्या गणितात आईबापांचा वाटा काय, याविषयी शिक्षकांना काय वाटतं. मला पुष्कळ वाटत होतं. एकोणतीस वर्षांत मला काय वाटतं हे कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे तीन दिवस मी नुसती सुटले होते. आईबाप कसे निष्काळजी, कसे सगळं शाळेवर ढकलतात, बोलू तेवढं थोडं. अपोंडी मान डोलवायची आणि यंत्रावरचा तांबडा दिवा चमकत राहायचा. तो दिवा माझ्यासाठी लागलाय, या विचारानं मी रोज जरा बरा स्वेटर घालून येत होते.

अपोंडी पश्चिमेची, तळ्याकाठच्या लोकांतली. आमची गिकुयू भाषा तिला येत नव्हती.

"काय म्हणाली ती?" तिनं इंग्रजीत विचारलं.

इथे मला खरं सांगितलंच पाहिजे. मला कळलं होतं. अर्धवट नव्हे, पुरतं कळलं होतं. आमच्या जुन्या माणसांत दहा हा आकडा तोंडानं उच्चारत नाहीत. लेकरं, शेळ्या, कोंबडीची पिल्लं मोजताना दहा म्हटलं की त्यांच्यावर काहीतरी ओढवतं, असं मानतात. म्हणून नवानंतर "भरले नऊ" म्हणायचं आणि पुढे जायचं. काही घरांत मग कशाचीच मोजणी करताना दहा म्हणत नाहीत. भरले नऊ म्हणजे दहाच. पोरीनं दहाच्या दहा बुचं बिनचूक मोजली होती.

आणि मी काय म्हणाले?

"नवाच्या पुढे तिला येत नाही," मी म्हणाले. "बघ, मी सांगत होते ना? घरी कुणी लक्षच देत नाही."

अपोंडीनं वहीत लिहून घेतलं. मी माझ्या यादीत गाथोनीच्या नावापुढे फुली मारली. गाथोनीला इंग्रजी कळत नव्हतं. आपल्याबद्दल काहीतरी चांगलं बोलणं चाललंय असं समजून ती माझ्याकडे बघून हसली. तिचा पुढचा एक दात पडलेला होता.

मी असं का केलं, हे नंतर मी स्वतःला अनेक वेळा विचारलं. उत्तर काही फार खोल नाही. मला लाज वाटली. शहरातून शिकलेली मुलगी आलीय, चष्मा लावून बसलीय, आणि तिला मी काय सांगणार? की आमचे लोक अजून दहा म्हणायला घाबरतात? की माझ्या वर्गात, एकोणतीस वर्षांनंतरही, हे चालतं? मला माझ्या माणसांची लाज वाटली, आणि ती झाकायला मी सहा वर्षांच्या पोरीच्या नावापुढे फुली मारली. इतकंच.

दुसरंही एक आहे. माझी आजी असंच मोजायची. मी मिशनच्या शाळेत गेले तेव्हा सात वर्षांची होते, आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यासमोर उभं राहून "भरले नऊ" म्हणाले. मास्तरांनी बोटांच्या पेरांवर फूटपट्टीचे दहा फटके द्यायचे ठरवले आणि ते मीच मोजायचे असं सांगितलं. दहाव्या फटक्याला माझ्या तोंडून सवयीनं पुन्हा तेच निघालं. मास्तरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला मी "दहा" म्हणाले. वर्ग खदखदून हसला, मीही हसले. त्या दिवशी घरी जाऊन मी आजीला अडाणी म्हणाले. तिनं उकडलेल्या अळकुड्या सोलून माझ्या हातावर ठेवल्या. तेव्हापासून मी कधी "भरले नऊ" म्हणून मोजलं नव्हतं.

*

चार दिवसांनी वर्षअखेरची पालकसभा झाली. मैदानावर प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे हेडमास्तर गिचुकी सर, शेजारी आम्ही शिक्षक आणि कडेला अपोंडी. सभेला येतात त्या सगळ्या आयाच. बाप असतातच कुठे? चहाच्या मळ्यावर, नाहीतर शहरात, नाहीतर बाजाराच्या कोपऱ्यावर गप्पा छाटत.

"टीचर युनिस दोन शब्द बोलतील," गिचुकी सर म्हणाले.

दोन शब्दांवर मी कधी थांबलेय? अपोंडीचं यंत्र टेबलावर होतं. मी घसा साफ केला.

"गणित शाळेत सुरू होत नाही, बायांनो, घरात सुरू होतं," मी म्हणाले. "तुम्ही पोरांना जेवू घालता, गणवेश धुता आणि समजता की झालं. पोरं वाढवणं म्हणजे नुसतं पोट भरणं नव्हे. या गावात सहा वर्षांची एक पोर आहे, तिला नवाच्या पुढे आकडा नाही. सहा वर्षं! त्या घरात सहा वर्षं काय चाललं होतं? झोपा?"

बाया हसल्या. मी नाव घेतलं नव्हतं, पण परीक्षा खिडक्या उघड्या ठेवून झाली होती. कोणाची पोर ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "ए नवाची आई, जरा सरकून बस की."

आमच्याकडे बाईला तिच्या पोराच्या नावानं हाक मारतात. अमक्याची आई, तमक्याची आई. ती मानाची हाक असते. त्या दिवशी गाथोनीच्या आईचं नाव नवाची आई पडलं, आणि ते मी पाडलं.

ती उभी राहिली. उंच, रोड बाई, अंगावर धुऊन धुऊन फिकी पडलेली निळी शाल. नाव न्यागुथी. वरच्या आळीला राहते, घायपाताच्या दोऱ्याच्या पिशव्या विणते, आमच्या बाया पाठीवर घेतात त्या, कियोंडो. शाळेत कधी गेलेली नाही. तिनं आधी डोक्यावरचा रुमाल नीट केला.

"टीचर, ती माझी पोर," ती म्हणाली. "दोष तिचा नाही. मला शाळा माहीत नाही. तुम्ही सांगा काय करायचं, मी करीन."

अजूनही वेळ गेली नव्हती. मी म्हणू शकले असते की बस, बाई, माझंच चुकलं. चाळीस-पन्नास तोंडं माझ्याकडे वळलेली होती आणि तांबडा दिवा चमकत होता.

"दहापर्यंत मोजायला शिकवा," मी म्हणाले. "रोज. आणि जरा दटावा तिला. फार लाड नकोत."

"रोज शिकवीन, टीचर," ती म्हणाली आणि खाली बसली.

सभा संपल्यावर दोघीतिघी मला येऊन सांगून गेल्या की टीचर, आज तुम्ही छान सुनावलंत. मला बरंही वाटलं. हेही सांगायलाच हवं.

*

दुसऱ्या दिवशी अपोंडी म्हणाली, "मॅडम, मला ते घर बघायचंय."

"कुठलं?"

"त्या नऊवाल्या मुलीचं. शिक्षकांचं ऐकलं, आता एक तरी घर बघायला हवं. तुम्ही याल ना? मला भाषा येत नाही."

नाही म्हणायला कारण सुचेना. पाय दुखतात म्हणाले, तर ती म्हणाली आपण सावकाश जाऊ. चहाच्या मळ्यांमधून चढण चढताना मी एकदाही बोलले नाही. अपोंडीला वाटलं मला दम लागलाय, म्हणून तिनं माझी पिशवी घेतली.

घर दिसायच्या आधी आवाज ऐकू आला.

"सात. आठ. नऊ."

मग काही नाही. मग आईचा आवाज. "म्हण, आई. म्हण."

गाथोनीला आजीचं नाव दिलेलं, आईच्या आईचं. त्यामुळे न्यागुथी आपल्या पोरीलाच आई म्हणायची. आमच्याकडे ते नवलाचं नाही.

"भ..." पोरीनं सुरुवात केली.

टक्. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज नव्हता, त्याहून मऊ होता.

"दहा," गाथोनी म्हणाली.

"थू, थू," आई पुटपुटली.

आम्ही कुंपणाशी पोचलो होतो. अंगणात घोंगडीवर दोघी समोरासमोर बसल्या होत्या. मधे घेवड्याच्या बियांची ओळ. आईच्या हातात मक्याचं पीठ ढवळायची लांब लाकडी पळी. दहा हा शब्द निघाला की ती आपल्या छातीवर हलकं थुंकल्यासारखं करायची आणि पोरीच्याही छातीवर करायची, वाईट टळावं म्हणून. मग बिया पुन्हा ओळीत लावायची. म्हणजे ती मनातून घाबरत होती, घाबरतच शिकवत होती, आणि टीचरनं सांगितलंय म्हणून पळी चालवत होती.

गाथोनीची बोटं घोंगडीवर पसरलेली होती. पेरं सुजली होती.

मला पाहताच न्यागुथी उठली. "टीचर! या, या. बघा, आता म्हणते ती. म्हण गं आई, टीचरना म्हणून दाखव."

गाथोनी भराभर नवापर्यंत गेली. दहा म्हणण्याआधी तिनं पळी कुठे आहे ते बघितलं.

"शाबास," मी म्हणाले.

न्यागुथीनं आम्हाला स्टुलं दिली, थर्मासमधला दुधाचा चहा ओतला. अपोंडीनं यंत्र काढलं आणि विचारून सुरू केलं. "त्यांना विचारा, मुलीसोबत घरात गणिताचं काय काय करता?"

मी विचारलं.

"काही नाही हो," न्यागुथी ओशाळून म्हणाली. "आमच्याकडं कुठलं आलंय गणित? मी विणते, ती बसते बाजूला. सांगा त्यांना, आता सुरू केलंय म्हणून."

ती बोलता बोलता विणायला बसलीच. बायकांचे हात रिकामे राहत नाहीत. मांडीवर दोरा वळत होती आणि अर्धी झालेली पिशवी गुडघ्यांत धरून एकेक फेरा घालत होती. गाथोनी तिच्याजवळ सरकली. दोन-तीन फेरे झाले असतील, तेवढ्यात पोरगी म्हणाली, "आई, थांब, हा तांबडा सहाव्याला संपतो. तू सात घातलेस."

न्यागुथीनं पाहिलं, मान हलवली आणि एक फेरा उसवला.

"खाली दोरे किती गं हिला?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"दोन भरले नऊ आणि तीन," गाथोनी पटकन बोलली.

न्यागुथीचा हात तिच्या तोंडावर गेला. "तेवीस! तेवीस म्हणायचंय तिला, टीचर. माफ करा. सुटतं तोंडातून. आज उद्या जाईल." आणि घाबरून तिनं माझ्याकडे बघितलं. मी आता पुन्हा सभा घेईन अशी तिला भीती वाटली असावी. एवढी मोठी बाई, आणि माझ्याकडे अशी बघत होती.

"काय झालं?" अपोंडीनं विचारलं. "काय म्हणाली मुलगी?"

तोच प्रश्न, तीच मुलगी, तोच तांबडा दिवा. मी चहाचा कप खाली ठेवला.

"ती तेवीस म्हणाली," मी इंग्रजीत म्हणाले. "आणि त्या दिवशी दहा म्हणाली होती. आमच्याकडे जुनी माणसं दहा म्हणत नाहीत, भरले नऊ म्हणतात. पोरीनं सगळी बुचं बरोबर मोजली होती. मला तेव्हाच कळलं होतं."

अपोंडीनं चष्मा वर सरकवला. "कळलं होतं?"

"हो. तुझ्यासमोर लाज वाटली मला."

अपोंडीनं हात पुढे करून यंत्र बंद केलं. "माझी आजी आम्हाला गुरं मोजूच देत नाही," ती म्हणाली. "नातवंडं तर नाहीच नाही. किती जणं जेवायला, असं विचारलं तरी ओरडते. तुम्ही सांगितलं असतं तर मला लगेच समजलं असतं, मॅडम."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. जिच्यासमोर अब्रू राखायला मी हे सगळं केलं, तिच्याच घरी तेच चालत होतं.

न्यागुथी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. मी तिच्याकडे वळले आणि आमच्या भाषेत सगळं सांगितलं. तोडकंमोडकं सांगितलं, पण सांगितलं. पोरगी पास होती. चूक माझी. पळी ठेवून द्या.

तिचे हात थांबले. "मला वाटलं, तुम्ही जाणूनच म्हणताय," ती म्हणाली. "आता शाळेत ते चालत नाही म्हणून. तुम्ही इथल्याच, तुम्हाला ठाऊक नसेल असं कसं होईल?"

"ठाऊक होतं."

"मग सभेत बोललात तेव्हाही ठाऊक होतं?"

"होतं."

तिनं पळीकडे बघितलं. मग गाथोनीचा हात आपल्या हातात घेऊन पेरांवरून अंगठा फिरवला. "मी हिला कधी बोट लावलं नव्हतं, टीचर," ती म्हणाली. "आईचं नाव आहे हिला. आईला कोण मारतं?"

मी माफी मागितली. तिनं ती नाकारली नाही आणि घेतलीही नाही. आमचे कप उचलले, विसळले आणि उपडे ठेवले. निघताना मी पुन्हा काहीतरी पुटपुटले, तेव्हा ती कुंपणापाशी उभी राहून शांतपणे म्हणाली, "तिथं माणसं खूप होती, टीचर. इथं आपण तिघीचौघीच आहोत."

*

मी गिचुकी सरांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग रुमालानं टक्कल पुसलं.

"फुली खोडा आणि पोरीला पहिलीत टाका," ते म्हणाले. "मिटलं."

"आणि सभेत बोलले त्याचं?"

"अहो युनिस, शिक्षकच चुकतात म्हणून सभा भरवायची? उद्या एकेक बाई उठून आपल्या पोराची फुली घेऊन येईल. दोन वर्षांत तुम्ही निवृत्त होणार. कशाला उगाच?"

मी बाहेर आले ते हलकी होऊन. सरांनीच नको म्हटलंय, आता माझा काय इलाज, असं म्हणत घरापर्यंत गेले. असं हलकं वाटल्याची मला अजून लाज वाटते.

नाताळाच्या आधीच्या बाजारात मी ओला घेवडा निवडत होते. पलीकडून एक भाजीवाली ओरडली, "ए नवाची आई! तुझी पिशवी विसरलीस बघ!" आणि न्यागुथी वळली. रागानं नव्हे, वाईट वाटूनही नव्हे. आपल्याच नावानं हाक आल्यावर माणूस वळतं तशी वळली, पिशवी घेतली आणि निघून गेली. त्या बायकांच्या मनात आता वाईटही काही नव्हतं. नाव पक्कं झालं होतं, इतकंच. मी घेवडा तिथंच ठेवून परत आले.

जानेवारीत शाळा उघडली त्या दिवशी नव्याजुन्या पोरांच्या आया मैदानावर जमल्या. गिचुकी सरांचं बोलून झाल्यावर मी न विचारता उभी राहिले. सर माझा स्वेटर ओढू लागले, पण मी पुढे गेले. या वेळी टेबलावर यंत्र नव्हतं. अपोंडी केव्हाच परत गेली होती.

"मागच्या सभेत मी एका घराबद्दल बोलले," मी म्हणाले. "ते खोटं होतं. गाथोनीला दहाच्या दहा येत होते. ती भरले नऊ म्हणाली, आणि ते काय असतं हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. तरी मी तिला नापास केलं आणि तिच्या आईला तुमच्यासमोर नावं ठेवली. त्या घरी जितकं गणित होतं तितकं माझ्या वर्गातही होत नाही. तिला नवाची आई म्हणू नका. म्हणायचंच तर ते नाव मला द्या."

कुणी हसलं नाही. काहींना काय चाललंय तेच कळलं नव्हतं, त्या आपल्या पोरांची शेंबडी नाकं पुसत होत्या. मागच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "मग ही टीचर आपल्यातलीच आहे की गं!" गिचुकी सर आपल्या बुटांकडे बघत होते.

मी तिसऱ्या रांगेत, सगळ्या रांगांत शोधलं. न्यागुथी आलेली नव्हती. गाथोनीला शेजारीण सोडून गेली होती. पुढे वर्षभर न्यागुथी एकाही सभेला आली नाही. जे तिच्यासमोर बोलायला हवं होतं, ते मी तिच्या पाठीमागे बोलले. सुनावलं मात्र तोंडावर होतं.

त्या सभेनंतर दहाबारा दिवसांनी मधल्या सुट्टीत गाथोनी माझ्या वर्गाच्या दारात उभी राहिली. पहिलीचा नवा गणवेश, बाह्या दोन बोटं लांब. पाठीवर नवी कोरी पिशवी, पट्टा कपाळावर घेतलेला, मोठ्या बायांसारखा.

"आईनं तुम्हाला दिलीय," ती म्हणाली. "मोजा म्हणाली."

मी पिशवी टेबलावर ठेवली. त्या दिवशी अंगणात अर्धी पाहिली होती तीच. एक तांबडा पट्टा, एक हिरवा, मग पुन्हा तांबडा. प्रत्येकाचे फेरे मी मोजले नाहीत, पण ते सहाच असणार याची मला खात्री होती. मी खालून वर बोट नेत पट्टे मोजू लागले. गाथोनी ओठ न हलवता माझ्याबरोबर मोजत होती. सात, आठ. नववा तांबडा. त्याच्यावर आणखी एक पट्टा होता, पण तो रंगवलेला नव्हता. नुसत्या घायपाताचा, जाड, घट्ट वळलेला काठ. विणकाम तिथं संपवलेलं होतं.

दहाव्याला मी काय म्हणते, हे न्यागुथी विचारतेय ते कळलं. सात वर्षांची होते तेव्हापासून मोजताना जे तोंडातून काढलं नव्हतं, ते मी काठावर बोट ठेवून मोठ्यानं म्हणाले.

"भरले नऊ."

गाथोनीनं आधी दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. मग माझ्याजवळ येऊन, मला जपत, अगदी हळू म्हणाली,

"दहा, टीचर." आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.